आकाशातल्या डुलक्या

तारांगणाच्या घुमटाखाली भर दुपारीही रात्र असते. बाहेर ऊन तापलेलं असतं, सायकलींच्या घंट्या वाजत असतात, आणि आत, जाड काळ्या पडद्याच्या पलीकडे, सगळे तारे उगवायची वाट बघत निमूट बसलेले असतात, मधल्या सुट्टीकडे कान लावून बसलेल्या वर्गासारखे.

या वर्गाची मॉनिटर होती भिंगरी. लहानपणी एका जागी टिकायची नाही म्हणून आत्याने तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली, आणि आता ती शिकून-सवरून प्रोग्राम लिहायला लागली तरी ते नाव काही तिची पाठ सोडत नव्हतं. आत्या याच तारांगणात निवेदन करायची. अंधारात माईकसमोर उभी राहून लोकांना आकाश सांगायची. "आता सूर्य मावळतोय," असं ती म्हणायची आणि भिंगरीचा प्रोग्राम सूर्य मावळवायचा. "तो बघा चंद्र," म्हणायची आणि चंद्र वर यायचा. समोरच्या लोकांना वाटायचं, या बाईचं आकाशाशी घरचं नातं आहे. नातं होतंच, पण ते आत्या-भाचीचं.

आतली गोष्ट सांगायची तर चंद्र आत्याचं मुळीच ऐकत नव्हता. तो घड्याळाचं ऐकायचा. भिंगरीच्या आधी जो प्रोग्रामवाला होता त्याने आत्याकडून सगळं निवेदन एकदा म्हणून घेतलं होतं, कुठल्या वाक्याला किती वेळ लागतो ते टिपलं होतं, आणि त्या हिशोबाने आकाश पुढे सरकवलं होतं. कागदावर सगळं झकास. पण पहिल्याच खेळाला फजिती झाली. घुमटाच्या मधोमध एक खड्डा आहे, त्यातून ताऱ्यांचं यंत्र लिफ्टवर बसून वर येतं. त्या दिवशी लिफ्ट जरा आळसावली, यंत्र अर्ध्यावरच होतं, आणि तारे लागले. सगळी नक्षत्रं पहिल्या रांगेतल्या लोकांच्या बुटांवर पडली. एका आजोबांनी म्हणे पाय वर उचलून घेतले, तारे तुडवले जाऊ नयेत म्हणून.

मग त्याने घाईतला कुठलाही प्रोग्रामवाला करतो तेच केलं. तारे लावायच्या आधी एक ओळ टाकली: इथे थोडं थांब. कुणाला काही विचारू नको, काही बघू नको, नुसते डोळे मिटून थांब, तोवर लिफ्ट येईलच वर. या ओळीला आत्याने नाव ठेवलं, डुलकी. आणि डुलकीचं कसं असतं, एक काढली की दुसरी येतेच. थंडीत लिफ्ट आणखी सावकाश झाली, डुलकी लांबवली. मग संगीत ताऱ्यांच्या आधी पोचायला लागलं, त्याला एक डुलकी. मग पहाटेचा उजेड संगीताच्या पुढे धावला, त्यालाही. तो प्रोग्रामवाला दुसरीकडे गेला, भिंगरी आली, आणि तिनेही इमानेइतबारे डुलक्या पेरल्या. प्रत्येकीच्या शेजारी टीप असायची: तात्पुरतं, नंतर बघू. हे 'नंतर' कधी येतं ते कुठल्याही प्रोग्रामवाल्याला विचारून बघा. तो तुम्हाला हवापाण्याच्या गोष्टी सांगायला लागेल.

"आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला," आत्या म्हणायची. "लिफ्ट वर आलीय का ते लिफ्टलाच विचार की."

"विचारलं असतं गं. पण त्यासाठी सगळं उसवावं लागेल."

"मग उसव."

"चारचा खेळ आहे."

"मग काढ डुलकी," आत्या म्हणायची, आणि दोघी चहाला जायच्या.

असं सगळं बरं चाललं होतं, म्हणजे बरं चाललंय असं सगळ्यांनी ठरवलं होतं. मग तो रविवार आला.

घुमट भरलेला होता. चंद्र वर होता, दुधाच्या बशीसारखा गोल, आणि कुठल्याशा रांगेतून एका मुलीने विचारलं, "चंद्राला पाठ असते का?" आत्याला असे प्रश्न म्हणजे जीव की प्राण. ती खुलली. चंद्र आपल्याला पाठ कशी दाखवत नाही, आपण दारातून निघताना आजीकडे बघत बघत उलटं चालतो तसा तो कसा फिरतो, हे तिने इतकं रंगवून सांगितलं की पोरं मागे रेलून ऐकत राहिली. घड्याळ मात्र रेललं नाही. "तर हा बघा तो," असं म्हणत आत्याने हात वर केला, आणि तिथे काही नव्हतं. चंद्र केव्हाच मावळला होता.

"बाई, तो गेला," एक बारका आवाज म्हणाला.

सगळे हसले. वाईट हसले नाहीत, गोडच हसले. पण भिंगरी जिथून प्रोग्राम चालवायची त्या काचेमागच्या खोलीतून तिला आत्याची सावली दिसत होती, आणि त्या सावलीचा वर केलेला हात परत खाली यायला फार वेळ लागला.

खेळ संपल्यावर व्यवस्थापक आले. माणूस सज्जन, पण एक गट आत, एक गट बाहेर, मध्ये क्षणाची फट नको, असा त्यांचा खाक्या. म्हणून त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना घड्याळमास्तर म्हणायचे.

"बाई, तुमचा आवाज गोड आहे, त्यात वाद नाही," ते म्हणाले. "पण आवाज आणि आकाश मागेपुढे होतंय. आपण एकदा नीट रेकॉर्डिंगच करून टाकू. एखादा सराईत आवाज बघू. म्हणजे रोज तेच, तस्संच."

"आणि पोरांनी प्रश्न विचारला तर?" आत्याने विचारलं.

"बाहेर फलक लावलेत ना. वाचतील."

आत्या "बरं" म्हणाली. भिंगरीला हे 'बरं' चांगलं ठाऊक होतं. भांडायचं बळ असलं की आत्या "बघू" म्हणायची. त्या संध्याकाळी आत्याने घुमटात घालायचा निळा स्वेटर धुतला, वाळवला, घडी घालून कपाटाच्या अगदी वरच्या फळीवर ठेवला, जिथे स्टूल घेतल्याशिवाय तिचा हात पोचत नाही. भिंगरीने ते पाहिलं. आत्याला घरात बसवणं म्हणजे पतंगाला पलंगाखाली ठेवण्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने घड्याळमास्तरांना गाठलं.

"अगं, एवढं काय," ते म्हणाले. "चंद्राच्या आधी आणखी एक ती तुमची डुलकी टाक आणि हा शनिवार निभावून ने. मग बघू रेकॉर्डिंगचं."

"सर, डुलकी टाकली आणि आत्याला कुणी काही विचारलंच नाही, तर चंद्र लोंबकळत राहील. आणि दोघांनी विचारलं तर पुन्हा मागचे पाढे पंचावन्न. मला शनिवारपर्यंत घुमट द्या. मी आकाशच आत्याच्या मागून चालायला लावते."

"म्हणजे?"

"म्हणजे आत्याचं सांगून झालं की चंद्र मावळेल. त्याआधी मावळणार नाही."

"आणि नाही जमलं तर?"

"तर करा रेकॉर्डिंग. मी हूं की चूं करणार नाही."

घड्याळमास्तरांनी मनगटाकडे पाहिलं. उत्तर जणू तिथे लिहिलेलं असतं. "ठीक. शनिवारच्या खेळात आकाश बाईंच्या मागून नीट चाललं तर बाई राहतील. पण एक सांगून ठेवतो, उल्कावर्षाव हवा. लोक त्याच्यासाठीच माना दुखवून घेतात."

दारावर 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी लागली आणि भिंगरी घुमटाखाली मुक्कामाला आली.

ते दिवस पुढे तिला नीट आठवायचे नाहीत, झोपेत ऐकलेल्या गाण्यासारखे आठवायचे. ती मधल्या रांगेत आडव्या खुर्चीत पडून, लॅपटॉप पोटावर ठेवून काम करायची. वर अर्धवट आकाश असायचं, कधी सूर्य अडकलेला, कधी दोन चंद्र. एक डुलकी काढायची आणि तिच्या जागी प्रश्न लिहायचा. लिफ्टबाई, पोचलात का? पोचले. मग तारेहो, लागा. लागलो. मग संगीत, ये. एकेक यंत्र बोलायला शिकत होतं आणि तेही फार नाही, एकच शब्द: झालं. झालं, झालं, झालं. अंधारात तिला वाटायचं, हे सगळे इतकी वर्षं गप्प उभे होते, मुके म्हणून नव्हे, त्यांना कुणी विचारलं नव्हतं म्हणून.

कधी कधी तिचा खरोखरच डोळा लागायचा. मग तिला दिसायचं की ती आकाशातून अनवाणी चाललीये आणि खाली अंथरूण घालून डुलक्या झोपल्यात, मांजरीच्या पिलांसारख्या, एकमेकींच्या पोटावर डोकं ठेवून, आणि ती त्यांना हलवून उठवतेय. त्यातल्या अर्ध्या तिनेच निजवल्या होत्या. रागवायला तोंड कुठलं.

आत्याने आकाशाला 'झालं' कसं सांगायचं, हा प्रश्न दिवेवाल्याने सोडवला. घुमटातले सगळे दिवे आणि तारा तो बघायचा, आणि बोलताना नेहमी तोंडात एखादा स्क्रू असायचा. त्याने एका उभ्या दिव्याचं पायाने दाबायचं बटण काढून आणलं, त्याला लांब वायर जोडली आणि माईकच्या खाली जमिनीवर ठेवलं.

"ताई, तुमचं सांगून झालं की पाय ठेवायचा," तो आत्याला म्हणाला. "जोरात नाही. झुरळ नाहीये ते."

"आणि नाही ठेवला तर?"

"तर आकाश तिथंच. दुपारच्या चहापर्यंत."

आत्याने चप्पल काढून अंगठ्याने बटण दाबलं. वर सूर्य सरसर मावळला. तिने भिंगरीकडे पाहिलं, मग बटणाकडे, आणि पुढच्या ताऱ्यांसाठी तिने मुद्दाम बराच वेळ पाय ठेवलाच नाही. गंमत म्हणून. आकाश तांबूस होऊन तिच्या पायाशी कुत्र्यासारखं बसून राहिलं.

सगळं जमत आलं होतं. राहिली होती एकच जागा, आणि नेमकी तीच: उल्कावर्षाव.

उल्कांचं यंत्र म्हणजे कोपऱ्यातला एक जुना करडा डबा, बाकी सगळ्यांच्या आधीपासूनचा, सगळ्यांचा खडूस काका. त्याला कान होते, तोंड नव्हतं. 'सुरू हो' म्हटलं की आतली चकती फिरू लागायची, वेग घ्यायची, आणि केव्हातरी उल्का पडायला लागायच्या. केव्हातरी म्हणजे केव्हा, ते त्याच्या मर्जीवर. एकदा सुरू झाला की मनात येईल तोवर ओतायचा, आणि संपलं म्हणून सांगायचा नाही. त्याला तोंड बसवायचं तर डबा उघडून आत नवीन भाग घालावा लागणार होता. दिवेवाला म्हणाला, भाग मागवावा लागेल, शनिवार विसरा.

शुक्रवारी दुपारी भिंगरी त्या डब्यासमोर मांडी घालून बसली. आणि तिने काय केलं, तर एक डुलकी टाकली. एकच. सरावात सुरेख बसली. आत्याने पाय ठेवला, आकाश काळंभोर झालं, थोड्या वेळाने उल्का झरझर आल्या, आणि थांबल्यावर पहाटेचं संगीत अलगद आलं. दुसऱ्यांदा चालवलं. बसली. तिसऱ्यांदा चकती जरा रेंगाळली आणि शेवटच्या उल्का पहाटेच्या गुलाबी उजेडात पडल्या, फिक्या, लाजल्यासारख्या.

आत्या शेजारी येऊन बसली. दोघी एका बाटलीतलं पाणी प्यायल्या.

"किती राहिल्या डुलक्या?"

"एक. ही."

"एवढं अख्खं आकाश जागं केलंस, एक राहू दे की गं," आत्या म्हणाली. "उद्याचा दिवस निघू दे. तुझ्या मास्तरांना उल्का हव्यात. त्यांना उल्का दिल्या की मी राहते. सरळ हिशोब आहे."

"तूच म्हणायचीस ना, पखालीला इंजेक्शन."

"तेव्हा माझी म्हैस नव्हती ती," आत्या म्हणाली. भिंगरीला हसू आलं, पण आत्या हसत नव्हती. ती बटणाची वायर बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

"आत्या, उद्या ही तीनदा नीट चालली तर मी हिला कधीच काढणार नाही," भिंगरी हळू म्हणाली. "मला मी माहीत आहे. शेजारी लिहीन, तात्पुरतं. मग एक दिवस तू काहीतरी सांगत असशील, आणि तुझ्या वाक्यावर उल्का पडतील, आणि लोक हसतील. तुला मग कळणारही नाही की मी चुकले. तुला वाटेल तू चुकलीस."

आत्याने वायर खाली ठेवली. घुमटात थंडगार, धुतलेल्या पाटीसारखा वास होता.

"मग उल्कांच्या जागी काय?"

"काही नाही. अंधार. तारे आहेतच. तू पाय ठेवशील तेव्हा पहाट."

"आणि मास्तर?"

"बघू," भिंगरी म्हणाली.

आत्याने तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. मग उठली, गुडघे झटकले आणि म्हणाली, "काढ मग. पण मला आज घरी स्टूल धरायला ये. तो स्वेटर वरून काढायचाय."

शनिवारी घुमट पुन्हा भरला. घड्याळमास्तर पहिल्यांदाच बाहेरच्या दाराशी न थांबता काचेमागच्या खोलीत, भिंगरीच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. उल्कांचं त्यांना तिने सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा आंबट झाला होता. "ठरलं होतं तसं नाहीये हे," एवढंच ते म्हणाले होते, आणि ते खरंच होतं.

दिवे मंद झाले. "आता सूर्य मावळतोय," आत्या म्हणाली, आणि तिचा सूर्य मावळला. लिफ्ट म्हणाली झालं, तारे म्हणाले झालं. बुटांवर एकही तारा पडला नाही. चंद्र आला. कुणीतरी विचारलं, चंद्रावर आवाज येतो का, मग आणखी कुणी विचारलं, तिथे शिंक आली तर काय करायचं, आणि आत्या शिंकेवरून हवेवर, हवेवरून शांततेवर अशी फिरत फिरत गेली. चंद्र हलला नाही. हात बांधून ऐकत उभा होता. शेवटी आत्या म्हणाली, "आता त्याला जाऊ दे, दमला असेल," आणि तो तेव्हाच गेला, आधी नाही.

मग ती जागा आली. आकाश पूर्ण काळं झालं, तारे अगदी जवळ आल्यासारखे वाटले. आत्या बोलायची थांबली.

एक श्वास गेला. मग दुसरा. भिंगरीसमोर पडद्यावर एकच ओळ चमकत होती: वाट बघतोय.

"अडकलं का?" घड्याळमास्तर कुजबुजले.

"नाही सर. थांबलंय."

"मग ढकल ना पुढे. तुझ्याकडून ढकलता येतं की."

येत होतं. कळफलकावर एक बटण त्याच कामाचं होतं. भिंगरीचं बोट आपसूक त्याच्यावर जाऊन टेकलं होतं, जुन्या सवयीचं बोट ते. तिला वाटलं, आत्या विसरली तर नाही ना. पाय बटणावरून सरकला असेल तर? घुमटात कुणीतरी खोकलं. तिने बोट उचललं आणि हात मांडीखाली दाबून ठेवला, परीक्षेत नखं खाऊ नयेत म्हणून ठेवतात तसा.

अंधारात आत्याचा आवाज आला, अगदी सावकाश. "मी आता काही सांगणार नाहीये. तुम्ही बघा."

आणि सगळे बघायला लागले. शेकडो माना मागे गेल्या. इतकी शांतता झाली की ताऱ्यांच्या यंत्रातला छोटा पंखा ऐकू येत होता. कितीतरी वेळ, कुणालाच ठाऊक नाही किती. मग डावीकडून एक पोरगा म्हणाला, "पडला. मी बघितला. एक तारा पडला."

"कुठं?"

"तिकडं. गेला."

"मलापण दिसला," दुसरी कुणीतरी म्हणाली. मग एका बाईला दिसला. मग मागच्या रांगेतल्या एका आजोबांना, दोन, लागोपाठ. करडा डबा कोपऱ्यात बंद पडून होता, त्याची वायर भिंतीतून काढलेली होती, हे भिंगरीला पक्कं माहीत होतं. तरी तिने काचेला नाक लावलं आणि वर बघितलं. शेजारी घड्याळमास्तरांनीही मान वर केली होती आणि तोंड जरासं उघडं राहिलं होतं.

"ते तिथे," ते पुटपुटले, "आत्ता काही...?"

भिंगरी वरच बघत राहिली.

बाहेर पुढच्या गटाची चुळबुळ सुरू झाली होती. दाराच्या फटीतून पोरांचे आवाज येत होते, कुणीतरी पडदा ओढत होतं. वेळ केव्हाच उलटून गेली होती आणि आत्याने अजून पाय ठेवला नव्हता. घड्याळमास्तरांचा हात मनगटाकडे गेला. अर्ध्या वाटेत थांबला. मग ते वळले, चवड्यांवर चालत दारापर्यंत गेले, पडदा जरासा बाजूला करून बाहेर डोकावले, आणि भिंगरीला त्यांचा दबका आवाज ऐकू आला.

"थोडं थांबावं लागेल," ते रांगेला सांगत होते. "बाई अजून सांगतायत."